जमिनीवरून उठताना

११ फेब्रुवारी

परवा पडले. कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. ही वही निवृत्तीच्या दिवशी विभागातल्या लोकांनी दिली होती. सात वर्षं कपाटात कोरीच पडून होती.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले. उतरताना पाय स्टुलाच्या कडेवर पडला आणि मी फरशीवर आपटले. छत्तीस वर्षं रुग्णालयात एक्स-रे काढण्यात गेली, त्यामुळे पडल्या पडल्या आधी स्वतःचे पाय पाहिले. दोन्ही सारख्या लांबीचे, पंजे सरळ. म्हणजे खुबा शाबूत. मनगट ठणकत होतं, पण बोटं हलत होती. मोडलं काही नाही, एवढी खात्री झाल्यावर उठायला गेले.

उठता येईना.

हे कसं लिहावं कळत नाही. फार दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. नुसती ताकद नव्हती. हातावर भार दिला की कोपर लटलटायचे. गुडघा पोटाशी घ्यायला जावं तर तो आपला नसल्यासारखा वागायचा. शेवटी स्टूल पुढे ढकलत, त्याच्यामागून सरपटत, पलंगापर्यंत आले आणि पलंगाची कड धरून कशीबशी वर चढले. दहाच्या ठोक्याला पडले होते. बाराला दहा कमी होते. एक तास पन्नास मिनिटं. अंतर मोजलं, चौदा पावलं.

मधे एकदा हाक मारावीशी वाटली होती. पण कुणाला? खालच्या मजल्यावर जे राहतात त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. 'अहो' म्हणून ओरडणार होते की काय?

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचा फोन. रविवारी अकराला येतोच. "ताई, मागची खोली रिकामीच आहे. आता तरी ये."

"आता तरी म्हणजे? मला काय धाड भरली आहे?"

"तसं नाही गं. पण वय काय झालं आपलं."

आपलं म्हणे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे. भाचा परदेशी गेल्यापासून त्यांच्या घरात खोल्या उरल्या आहेत, म्हणून मला भरतीला बोलावतो. तिथे गेले की मी 'ताई आल्या आहेत' होणार. दुपारी कुणाला झोपायचं असलं तर पावलं न वाजवता फिरायचं. इथे निदान भांडं पडलं तर माझंच पडतं.

पडल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळी गाडी घेऊन दारात आला असता. आज त्याने उगीच फोन लांबवला. हवा कशी आहे ते दोनदा विचारलं. भावजय घरात नव्हती वाटतं, मागे काहीच आवाज नव्हता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पालिकेच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर व्यायामाचा विभाग आहे. तिथे गेले. तिथली मुलगी तिशीची असेल, केस कापलेले, बोलणं तोफखान्यासारखं. मी मनातल्या मनात तिचं नाव व्यायामबाई ठेवलं.

"या आजी, बसा."

"आजी कुणाची? मला नातवंडं नाहीत. मुलंच नाहीत."

"मग काय म्हणू?"

"बाई म्हणा. छत्तीस वर्षं सगळे तेच म्हणत होते."

हसली. हात छातीवर बांधायला लावले आणि खुर्चीतून उठबस करायला सांगितली, अर्ध्या मिनिटात होतील तितक्या वेळा. माझ्या सहा झाल्या. सदुसष्टाव्या वर्षी अकरा तरी व्हायला हव्यात म्हणाली. मग एका पायावर उभं केलं. चार सेकंद. मला वाटलं होतं निदान पंधरा.

"चालता किती?"

"रोज अर्धा तास."

"चालणं चांगलंच. पण चालून मांड्यांना जोर येत नाही, बाई. बसताना खुर्चीत धपकन पडता तुम्ही, बसत नाही. सावकाश बसायला शिका, उठणं आपोआप येईल."

मग ती म्हणाली, "काय जमायला हवंय तुम्हाला?"

हा प्रश्न अपेक्षित नव्हता. म्हटलं, "जमिनीवरून उठायला."

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. निळं पडलेलं आहे अजून. पुढे काही विचारलं नाही. दर शुक्रवारी या, म्हणाली.

२६ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना एका पायावर, हात बेसिनवर. खुर्चीतून उठबस, आठ-आठच्या दोन फेऱ्या. टाचा उचलणं. भिंतीला हात लावून छाती भिंतीकडे नेणं. दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे वाढवले. एकटीसाठी रांधायचं म्हणजे मी चहा आणि ब्रेडवर निभावून न्यायची. स्नायू काय चहावर वाढणार?

इतक्या वर्षांत किती खुबे पाहिले असतील. पडद्यावर काळ्यात पांढरी रेघ दिसायची, ती कुठे तुटली आहे ते मी डॉक्टरांच्या आधी ओळखायची. पण त्या रेघेभोवतीचं मांस एक्स-रेत नुसतं धुरासारखं दिसतं. तिकडे कधी नीट पाहिलंच नाही.

८ मार्च, रविवार

आज जमिनीवर बसण्याचा पहिला धडा. व्यायामबाईने उलट्या बाजूने शिकवलं आहे. आधी पलंग धरून एक गुडघा टेकायचा आणि परत उठायचं. जमलं की दोन्ही गुडघे. मग ओणवं व्हायचं. मग कुशीवर. सगळ्यात शेवटी उताणं. म्हणजे जिथून उठता येतं तिथपर्यंतच खाली जायचं, रोज थोडं पुढे.

गुडघा टेकताना जरा जोरात आदळला. पण उठले. तीनदा.

१९ मार्च

दारावरची घंटा वाजली. उघडलं तर एक उंच, वाकलेले गृहस्थ, हातात चष्मा. "मी खालचा," म्हणाले. "काही पडलं का?"

"नाही."

"बरं. मला वाटलं काही पडलं."

"काही पडलेलं नाही."

उभेच राहिले. मग "बरं" म्हणून गेले. जिना उतरताना कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी दार लावलं तरी पावलांचा आवाज बराच वेळ येत होता.

म्हणजे माझ्या गुडघ्यांचा आवाज खाली जातो. तक्रार करायला आले होते. स्वतःचा रेडिओ सकाळी सातपासून बोंबलत असतो, त्याचं काय? पण कुणाच्या अध्यात-मध्यात असणं मला आवडत नाही. उद्यापासून जुनी गोधडी चार पदरी करून खाली घालणार.

२१ मार्च

गोधडी घातली. चिटपाखराला कळणार नाही इतकं शांत. आणि साडेआठला परत घंटा. तेच.

"आज काही ऐकू आलं नाही."

टोमणा मारायला कुणी अठरा पायऱ्या चढून येतं, हे नवीनच. म्हटलं, "गोधडी घातली आहे. आता त्रास होणार नाही."

"त्रास नव्हता," म्हणाले. "कसला व्यायाम करता वाटतं."

"हो."

"चांगलं आहे."

नंतर कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे चादरी द्यायला गेले तेव्हा खालच्यांची चौकशी केली. शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, एका मोठ्या कारखान्यात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या गावी असते. घराची एक किल्ली लाँड्रीवाल्याकडे ठेवलेली असते, 'न जाणो' म्हणून. लाँड्रीवाला म्हणाला, "तुमच्या घराची देऊन ठेवा की, बाई." मी म्हटलं बघू.

१२ एप्रिल

चार दिवस काही केलं नाही. सर्दी झाली, मग सर्दी बरी झाली, मग नुसतंच केलं नाही. पलंगावर बसून समोरची भिंत पाहत होते. मी व्यायाम केला काय आणि न केला काय, कुणाच्या घरात काय फरक पडणार? रुग्णालयात असताना एक दिवस गेले नाही तर बाहेर चाळीस माणसं खोळंबायची.

दुपारी विभागात फोन लावला. नव्या यंत्राचं काय झालं विचारावं म्हटलं. फोनवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?" सांगितलं. म्हणाली, "पेशंटचं नाव काय?"

मग उठले आणि दहा उठबशा काढल्या. रागाने.

२४ एप्रिल, शुक्रवार

अर्ध्या मिनिटात दहा. एका पायावर अकरा सेकंद. व्यायामबाईने टाळी दिली. टाळी द्यायला हात पुढे करतात तेव्हा आपणही करायचा असतो, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

हल्ली बाजारातून बटाटे-कांदे आणताना दोन पिशव्यांत सारखे वाटून घेते आणि जिन्यात थांबत नाही. खालच्यांचं दार कधीकधी उघडं असतं. आत खिडकीशी शिवणयंत्र दिसतं, त्याचं पोट उघडं टाकलेलं. ते मान वर करून म्हणतात, "आज न थांबता?" मी म्हणते, "हो." याला काही बोलणं म्हणता येत नाही, पण लिहून ठेवते.

१४ मे

आज उताणी झोपले आणि उठले. कशाला हात न लावता. म्हणजे जमिनीला लावले, पण पलंगाला नाही, खुर्चीला नाही. कुशीवर वळले, ओणवी झाले, उजवा पाय पुढे रोवला, मांडीवर हात, आणि उभी. सतरा सेकंद.

घरभर फिरले. मग परत एकदा करून पाहिलं, योगायोग नव्हता ना म्हणून. नव्हता.

फोन उचलून ठेवला. आज गुरुवार. धाकट्याला गुरुवारी फोन केला तर त्याला वाटणार काहीतरी झालं.

१७ मे, रविवार

सांगितलं त्याला. म्हणाला, "अगं, पण जमिनीवर झोपायचंच कशाला?"

९ जून

हातून काय झालं ते आज लिहिणार आहे, नीट, क्रमाने.

सकाळी सातला रेडिओ लागला नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तेही लिहिते. दहाला फिरायला आणि पुढे बाजारात निघाले तेव्हा त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच होती. झोपले असतील म्हटलं. साडेअकराला परत आले तेव्हाही पिशवी तिथेच, उन्हाने फुगलेली. मी थांबले. घंटेकडे हात नेला आणि परत घेतला. वाटलं, गावाला गेले असतील. वाटलं, उगाच चौकशा करणारी बाई म्हणतील. वर आले, हातपाय धुतले.

सकाळचा व्यायाम राहिला होता म्हणून गोधडीवर आडवी झाले. कुशीवर वळताना कान गोधडीच्या बाहेर, फरशीवर आला. आणि ऐकू आलं. टक. बराच वेळ काही नाही. मग टक, टक. लोखंडावर लोखंड.

किती चटकन उठले ते मोजलं नाही. लाँड्रीवाल्याकडून किल्ली घेतली, तोही मागोमाग आला. ते खिडकीशी पडलेले, यंत्राच्या पायाशी, हातात पेचकस. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पंजा बाहेर वळलेला. एक्स-रेची गरजच नव्हती.

लाँड्रीवाला म्हणाला, "उचलू या का?"

"हात लावू नका. गाडी बोलवा."

मी खाली बसले. त्यांच्या डोक्याशी, जमिनीवर. ओठ कोरडे पडले होते, रुमाल भिजवून टेकवला. विचारलं, "कधी पडलात?"

"सहा... सव्वासहा."

आणि मी दहा वाजता तिथून गेले होते.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "धरून ठेवा. आता सोडा." जन्मभर काचेआडून लोकांना हेच सांगत आले. आज पहिल्यांदा ज्याला सांगत होते त्याचा हात माझ्या हातात होता.

गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. गाडीतल्या माणसाने विचारलं, कधी कळलं? मी म्हटलं, बाराला. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

१२ जून, शुक्रवार

शस्त्रक्रिया झाली. मुलगी आली आहे, चाळिशीची, डोळ्यांखाली काळं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्ही नसतात तर..." मी पुढचं ऐकलं नाही. पाणी आणते म्हणून बाहेर गेले.

आज व्यायामबाईकडे गेले नाही.

१५ जून

राहवेना, रुग्णालयात गेले. मुलगी औषधं आणायला गेली होती तेव्हा त्यांना सांगून टाकलं. "दहा वाजता मी दुधाची पिशवी पाहिली होती. साडेअकरालाही पाहिली. घंटा वाजवली नाही."

त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याकडेही तसंच एक आहे, बाई."

"काय?"

"फेब्रुवारीत तुम्ही पडलात. मी ऐकलं."

मला वाटलं, गुंगीत बोलताहेत. पण आवाज स्वच्छ होता.

"जन्मभर मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखत आलो. तो आवाज माणूस पडल्याचा होता. मग स्टूल सरकल्याचा. थोडं सरकायचं, थांबायचं. थोडं सरकायचं, थांबायचं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. मनाला सांगितलं, बाई सामान हलवत असतील. ठाऊक होतं, सामान असं हलत नाही."

"मग वर का आला नाहीत?"

"काय म्हणून यायचं? एकटी बाई. ओळख नाही. आणि गुडघे दुखत होते. असं म्हणायचं, दुसरं काय." डोळे मिटले त्यांनी. "मग पलंग करकरला आणि माझ्या जिवात जीव आला. तेव्हापासून रोज ऐकतो. मार्चमध्ये परत आवाज आला तेव्हा म्हटलं, या वेळी तरी जायचं. तुम्ही गोधडी घातलीत त्या दिवशी तर साडेआठपर्यंत कसाबसा थांबलो."

मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. मुलगी जिन्यात भेटली, तिच्यापाशीही थांबले नाही.

१६ जून

एक तास पन्नास मिनिटं. अठरा पायऱ्या.

१९ जून, शुक्रवार

गेले नाही.

२३ जून

बेरीज-वजाबाकी चालू आहे डोक्यात. मी दहाला पाहिलं, बाराला गेले. दोन तास. त्यांनी ऐकलं, एक तास पन्नास मिनिटं बसून राहिले. पण त्यांना ऐकू येत होतं, मला नुसती पिशवी दिसत होती. पण माझं काही मोडलं नव्हतं, त्यांचं मोडलं होतं. कुठून मोजायला लागावं ते कळत नाही, आणि मोजून कुणाला दाखवायचं आहे तेही.

व्यायाम बंद आहे. दात घासते ते दोन पायांवर.

३० जून

दुपारी घंटा वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं, मुलगी होती. मी उघडलं नाही. अनवाणी उभी राहिले, श्वासही न वाजवता. ती दोन मिनिटं होती. मग दाराखालून एक कागद आत आला.

पत्ता आणि फोन नंबर, मुलीच्या अक्षरात. ती त्यांना आपल्या गावी घेऊन जाते आहे. खाली वाकडं अक्षर, रेघा सोडून भलतीकडेच गेलेलं: 'सांगायला नको होतं. पण तुम्ही तुमचं सांगितलंत, मग मला गप्प बसवेना. व्यायाम सोडू नका.'

खिडकीतून पाहिलं तोवर गाडी वळली होती. आमच्या इमारतीला वळण फार जवळ आहे.

१ जुलै

सात वाजले. काहीच लागलं नाही.

१७ जुलै, शुक्रवार

व्यायामबाईचा फोन आला. "बाई, पाच शुक्रवार झाले. आजारी आहात का?"

माझी गैरहजेरी कुणीतरी मोजत होतं. म्हटलं, येते. गेले. अर्ध्या मिनिटात नऊच झाल्या. तीन महिन्यांत कमावलेलं पाच आठवड्यांत निसटायला लागतं, हे तिने सांगायची गरज नव्हती.

निघताना विचारलं, शेजाऱ्यांचा खुबा मोडला होता, असे लोक पुढे चालतात का?

"उभं केलं तर चालतात. घरचे फार जपतात ना, तिथे घोटाळा होतो. सगळं हातात आणून देतात. माणूस खुर्चीत बसला की बसलाच."

मला हे नवीन नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी ती माणसं परत यायची आमच्याकडे, या वेळी छातीचा एक्स-रे काढायला, स्ट्रेचरवरून. त्यानंतर सहसा यायची नाहीत. मी फक्त पुढचं नाव पुकारायची.

१८ जुलै

लाँड्रीवाल्याकडे घराची किल्ली दिली. त्याने काही न विचारता खिळ्याला लावली.

२ ऑगस्ट, रविवार

धाकट्याचा फोन ठेवला आणि लगेच दुसरा नंबर फिरवला. थांबले असते तर केला नसता.

मुलगी म्हणाली, "बाबा बरे आहेत. जेवतात. खुर्चीतच असतात. वॉकर आणला आहे, पण नको म्हणतात. आणि खरं सांगू? मलाही वाटतं नकोच. मी ऑफिसात, परत पडले तर?"

"मी येऊ का?" असं मी विचारलं. मला वाटलं, नको म्हणेल.

"याल?" म्हणाली.

८ ऑगस्ट, शनिवार

पाच तासांची बस. शेवटचा एक तास पाय आखडले म्हणून उभी राहून आले. वाहकाने बसायला सांगितलं, मी म्हटलं मला उभंच बरं वाटतं.

ते खिडकीशी खुर्चीत. खाली दोन उश्या, मांडीवर शाल, हाताशी पाणी, औषध, चष्मा, घंटी. एखाद्या किमती वस्तूसारखे मांडून ठेवलेले. वॉकर दारामागे, मुठींवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मांड्या बारीक झाल्या आहेत. मला पाहून उठायला गेले आणि तिथेच थांबले.

बसमध्ये बरंच ठरवलं होतं. शेवटी म्हटलं, "मी रागावले होते."

"असणारच."

"अजून आहे थोडी."

"असू दे," म्हणाले.

मग मी वॉकर आणला, प्लास्टिक फाडलं आणि उश्या काढून घेतल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, डॉक्टरांना विचारून..."

"डॉक्टरांच्या कागदावर 'उभं करा' असंच लिहिलं आहे. वाचला मी. तुम्ही इकडे या, या बाजूला उभ्या राहा. हात धरायचा नाही, कमरेचा पट्टा धरायचा."

ते म्हणाले, "पडेन मी, बाई."

"पडाल कदाचित."

याच्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुतेक दोन महिन्यांत कुणी असं बोललं नसेल त्यांच्याशी.

"पुढे सरका. पाय मागे घ्या. नाक गुडघ्यांच्या पुढे आणा. वर बघू नका, पुढे झुका. आता."

पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा चार बोटं उचलले गेले आणि परत बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले. पाय लटलटत होते, वॉकर गच्च धरलेला, बोटं पांढरी. मुलगी मोजत होती. नऊला म्हणाले, पुरे. मी म्हटलं, बसायचं सावकाश, पडायचं नाही खुर्चीत. सावकाश बसले.

मुलीने तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "ऑफिसात फोन वाजला की आधी वाटतं, बाबा पडले. म्हणून बसवून ठेवते. मला कळतं, चुकतंय. पण बसलेले असले की निदान कुठे आहेत ते ठाऊक असतं."

मला तिचं पटलं. चूक होतं, तरी पटलं.

रात्री राहायला आग्रह केला. तिच्या खोलीत गादी घातली, जमिनीवर, आणि एकदम जीभ चावली, "तुम्हाला खाली चालेल ना?"

चालेल म्हटलं.

९ ऑगस्ट, रविवार

सकाळी तीनदा उभे केले. दुपारी खोलीच्या दारापर्यंत सात पावलं आणि परत. घाम आला, चिडले, मला 'हेडमास्तरीण' म्हणाले. मी म्हटलं, म्हणा. बसल्यावर विचारलं, "उद्या किती?"

"उद्या मी नाही. साडेचारची बस आहे."

"हो, नाही का." शालीचं टोक सरळ करत बसले. मग म्हणाले, "तिकडे कोण आलं आहे? माझ्या जागी?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

"मग आवाजाचा त्रास नाही कुणाला."

"नाही."

एवढंच. मला अजून काहीतरी बोलायचं होतं. काय ते आता बसमध्येही नीट आठवत नाही. बहुधा कुठल्या कागदावर लिहिण्यासारखं नसावं.

मुलगी खाली रस्त्यापर्यंत पोचवायला आली. रोज सकाळी निघण्याआधी तीनदा, संध्याकाळी आल्यावर तीनदा, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. एक गोष्ट चुकीची सांगितली तिने, ती दुरुस्त केली. मग ती म्हणाली, "परत याल ना?"

हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नाही. लोक 'येत जा' म्हणतात, ते वेगळं. मी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, आणि ती उत्तराची वाट पाहत उभी होती, खरोखरच. रिक्षावाला घाई करत होता.

बसस्थानकावर पंचवीस मिनिटं हातात होती. तिकीटखिडकीवर गर्दी नव्हती. पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार, बारा सप्टेंबर, सकाळची बस. खिडकीतला माणूस म्हणाला, इतक्या आधी कुणी काढत नाही, आयत्या वेळीही जागा मिळते.

म्हटलं, असू द्या. काढा.